गावच्या शाळेचा इतिहास लिहायचाय? जनरल रजिस्टरपासून सुरुवात करा

शाळेला शंभर वर्षं झाली की गावात स्मरणिका निघते. पहिली वीस पानं शुभेच्छांची, मग आमदारांचा फोटो, त्यांच्याखाली सभापतींचा, मधे खतांच्या दुकानाची जाहिरात, मग माजी मुख्याध्यापकांची यादी आणि शेवटी ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’ छापाचे दोन लेख. शाळा कोणी काढली, आधी कुठे भरत होती, पहिली मुलगी कधी आली, कोणत्या वाडीतली पोरं कित्येक वर्षं आलीच नाहीत, यातलं काही त्यात सापडत नाही. तशी स्मरणिका काढायची असेल तर या लेखाचा उपयोग नाही. शाळेच्या निमित्ताने गावाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा खरा इतिहास लिहायचा असेल, तर तो कसा लिहायचा ते इथे क्रमाने सांगतो.

तलाठ्याच्या सातबाऱ्यावर जमीनवाल्यांची नावं असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे मुलांच्या दाखल-खारीज नोंदींच्या वहीत, ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्याच्या पोराचंही नाव असतं, तारखेसकट. एवढ्या तपशिलाचं आणि इतकी वर्षं सलग लिहिलेलं दुसरं दप्तर छोट्या गावात क्वचितच मिळतं. म्हणून सुरुवात आठवणींपासून करू नका. आधी रजिस्टर बघा, मग माणसांकडे जा. उलट केलंत तर जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याचाच इतिहास लिहून होतो.

आधी परवानगी, आणि ती लेखी

मुख्याध्यापकांना भेटा. शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेत विषय घ्यायला सांगा आणि ठराव करून घ्या. ठराव दोन ओळींचा पुरतो: ‘शाळेच्या इतिहासलेखनासाठी अमुक चार जणांना शाळेच्या वेळेत, मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली जुने अभिलेख पाहण्यास व छायाचित्रे घेण्यास संमती, मूळ अभिलेख शाळेबाहेर नेता येणार नाहीत.’ या ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. त्यांच्या उत्तराची वाट बघत बसू नका, पण आवक शिक्का असलेली पोच जपून ठेवा.

मुख्याध्यापक कां-कूं करतील. त्याचा राग मानू नका. जनरल रजिस्टर कायम जतन करायचं असतं, त्यावरून दाखले निघतात, प्रवेश-निर्गम उतारे निघतात, जातपडताळणी होते. एका अक्षराची खाडाखोड झाली तरी जाब त्यांना द्यावा लागतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर हीच रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली, मोडी वाचणारे शोधले गेले आणि अनेक जिल्ह्यांनी स्कॅन केलेल्या नोंदी आपल्या संकेतस्थळावर टाकल्या. तेव्हापासून या वह्यांची किंमत गावात सगळ्यांना कळली आहे, आणि त्याबरोबर मुख्याध्यापकांची धाकधूकही वाढली आहे. एक फायदा मात्र झाला. तुमच्या शाळेचं रजिस्टर तेव्हा स्कॅन झालं असेल तर ती फाइल तालुक्याला असू शकते. आधी तिची चौकशी करा, मूळ वही हाताळायचं काम निम्मं वाचेल.

बरोबर तीन-चार जण घ्या. त्यात एक निवृत्त शिक्षक हवाच, कारण जुने शेरे आणि संक्षेप त्यालाच कळतात. एक बाई असू द्या, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या मोकळेपणी बोलणार नाहीत. आणि शक्य असेल तर टीम एकाच भावकीची, एकाच आळीची नको.

शाळा तेव्हा कोणाची होती ते ठरवा

आज पाटीवर ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ आहे म्हणून शंभर वर्षांपूर्वी ती जिल्हा परिषदेची नव्हती. जिल्हा परिषदाच १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्याआधी मालक कोण होतं, हे तुमचा जिल्हा तेव्हा कोणाच्या राज्यात होता यावर अवलंबून आहे. कागद कुठे शोधायचे तेही यावरूनच ठरतं. म्हणून ही पायरी गाळू नका.

मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखातं १८५५ साली सुरू झालं. त्यानंतर शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा काही भाग गावच्या शाळांवर खर्च होऊ लागला. पट्टी शेतकरी भरतो आणि पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, ही जोतीराव फुल्यांची तक्रार १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात आहे. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डं आली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा लोकल बोर्डाच्या हाती शाळांचा कारभार आला, आणि १९४७ च्या कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्डाच्या. म्हणून जुनी माणसं अजून ‘लोकल बोर्डाची शाळा’ किंवा ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. नगरपालिका असलेल्या गावात शाळा पालिकेची असे. ‘मराठी शाळा नंबर १’, ‘नंबर २’ ही नावं तिथली.

सातारा जिल्ह्यात आणखी एक वळण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने वाड्या-वस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा काढल्या होत्या आणि त्या पुढे स्कूल बोर्डाकडे गेल्या. अशा गावात शाळेचं वय बोर्डाच्या कागदावर कमी दिसतं.

संस्थानी मुलखात हिशेब वेगळा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यायचा हुकूम काढला. १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. औंध, फलटण, सांगली, भोर, सावंतवाडी यांची दप्तरंही स्वतंत्र.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, म्हणून जुनी रजिस्टरं उर्दूत आणि सालं ‘फसली’ या तिथल्या सरकारी कालगणनेची. विदर्भात डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळा होत्या, स्वातंत्र्यानंतर जनपद सभांच्या. तिथे म्हातारी माणसं ‘जनपदची शाळा’ म्हणाली तर ती १९६२ च्या आधीचं बोलताहेत असं धरा. निपाणी-बेळगावकडची गावं १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होती, तेव्हा जुने कागद मुंबई-पुण्याकडेही मिळू शकतात. गोव्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळांचा मोठा विस्तार १९६१ च्या मुक्तीनंतरचा. त्याआधीची मराठी शाळा बहुधा देवळाच्या किंवा कोणाच्या घराच्या आसऱ्याने चाललेली खासगी शाळा असते, तिचा कागद सरकारदरबारी शोधू नका.

कपाट उघडा

लोखंडी कपाटाच्या तळाला, निवडणुकीच्या साहित्याखाली किंवा पोषण आहाराच्या खोलीत पोत्यामागे जुन्या वह्या असतात. काय काय शोधायचं?

जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज. सगळे खंड.

शेरेबुक. हे सगळ्यात मजेदार. तपासणीला आलेला अधिकारी त्यात शेरा लिहून जातो. पूर्वी डेप्युटी इन्स्पेक्टर यायचे, गावात त्यांना ‘दिपोटी’ म्हणत. आता विस्तार अधिकारी येतात. ‘पट ६२, हजर १९. सुगीमुळे मुले शेतात. मास्तरांस समज दिली’ अशा धाटणीच्या एका शेऱ्यात हंगाम, गरिबी आणि सरकारी खाक्या तिन्ही येतात. ‘इमारतीचे छप्पर गळते’ हा शेरा किती वर्षं सलग येतो तेवढंच मोजलंत तरी एक परिच्छेद होतो.

डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. लोक याकडे बघतच नाहीत. घड्याळ, घंटा, पृथ्वीचा गोल, नकाशे, हार्मोनियम, रेडिओ कधी आले ते यातच. टकळ्या आणि चरखे दिसले तर शाळा मूलोद्योगी, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवणारी, होती. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरच्या गांधीजींच्या नयी तालीमच्या लाटेत अशा अनेक शाळा झाल्या. ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे नाव बऱ्याच शाळांच्या पाटीवर आजही आहे, त्याची मुळं तिथे.

हजेरीपट, पगारपत्रकं, आवक-जावक, शाळा समितीच्या सभांची इतिवृत्तं. यातले फार जुने मिळण्याची आशा कमी, कारण ते कायम ठेवायचे कागद नव्हेत. मिळाले तर नशीब.

फोटो काढताना वही खिडकीपाशी, उन्हाची तिरीप थेट न पडेल अशी ठेवा. फ्लॅश नको. आधी मुखपृष्ठ, मग पहिल्या पानापासून प्रत्येक पान, कोरंसुद्धा. मधलं पान गाळलंत तर ते फाटलेलं होतं की तुम्ही विसरलात हे दोन वर्षांनी सांगता येणार नाही. मोबाइल हातात धरण्यापेक्षा दोन बाकांवर फळी टाकून तिच्या भोकातून खाली रोखा, सगळी पानं एकाच मापाची येतात. फाइलला नाव देताना खंड आणि पान क्रमांक द्या: ‘जर_खंड२_पान०४७’. त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

फाटलेलं पान दिसलं की गावातला कोणीतरी उत्साही माणूस सेलोटेप घेऊन धावतो. त्याला आवरा. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि खालची शाई घेऊन जातो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. सुटी पानं साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, वही धुतलेल्या सुती कापडात रुमालासारखी बांधा आणि जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. वाळवी आणि कसर लागली असेल तर ती वही इतर वह्यांपासून लगेच वेगळी करा.

रजिस्टरचं एक पान वाचायचं कसं

इथे घाई करू नका.

समजा १९३० च्या सुमाराचं पान समोर आहे. डावीकडून रकाने असे येतात: रजिस्टर नंबर, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता, मग उजव्या पानावर शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. काही वह्यांत बापाचा धंदाही असतो. छापील मथळे बाळबोध (देवनागरी) लिपीत असले तरी आतली भरणी मोडीत असू शकते, कारण मोडी शाळांतून गेली ती १९५० च्या आसपास. मोडी येत नसेल तर अंदाजाने वाचू नका. मोडीत व-ब, ग-म यांसारख्या अक्षरांत नवखा हमखास फसतो आणि आडनाव बदलतं. पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गातून तयार झालेले वाचक बहुतेक जिल्ह्यांत आहेत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इथे विचारलं तरी नावं मिळतात.

इयत्ता वाचताना सावध. ‘बिगरी’ म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. ‘मराठी तिसरी’ आणि ‘इंग्रजी पहिली’ या दोन वेगळ्या शिड्या आहेत; इंग्रजी पहिली ही मराठी चौथीनंतर सुरू व्हायची, म्हणजे साधारण आजची पाचवी. सातवीच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेला माणूस मास्तर होऊ शकत असे, तेव्हा रजिस्टरात ‘फायनल पास’ दिसला की तो पुढे कोणत्या गावी मास्तर झाला याचा माग काढा.

साल शके असेल तर ७८ मिळवा: शके १८५२ म्हणजे १९३०-३१. फसली असेल तर ५९०: १३५० फसली म्हणजे १९४०-४१. मराठवाड्याच्या वहीत महिन्यांची नावंही आजूर, बहमन, खुर्दाद अशी असतील. तारखेचं रूपांतर स्वतः करून मूळ तारीख खोडून टाकू नका, दोन्ही लिहा.

आता जन्मतारीख. १ जून! अर्ध्या पानावर १ जून दिसेल, आणि गावात त्या दिवशी वाढदिवसांची रांग का लागते याचं कोडं सुटेल. पोर आईबापांनी आणून उभं केलं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला, मास्तरांनी वय सहा धरलं आणि जूनची एक तारीख टाकली. म्हणून जन्मतारखेवरून काही सिद्ध करायला जाऊ नका. उलट, नेमक्या तारखा कोणाच्या आहेत ते पाहा. ज्या घरांत पत्रिका मांडली जायची किंवा तारीख टिपून ठेवणारं कोणी लिहितं-वाचतं होतं, त्यांच्याच मुलांच्या तारखा बहुधा वर्षभरात पसरलेल्या असतात.

शाळा सोडल्याचं कारण हा माझ्या मते सगळ्यात बोलका रकाना. ‘सतत गैरहजर’, ‘बापाबरोबर मुंबईस’, ‘गुरे राखण्यास’, ‘लग्न झाले’, ‘मयत’. कारणं एका वहीत वर्षवार उतरवून काढा. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत ‘मयत’ वाढतात का? १९७२ च्या दुष्काळात किती जणांच्या पुढे ‘गाव सोडले’ आहे, आणि त्यातले किती जण पुन्हा दाखल झाले? ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर नावं कमी होऊन उन्हाळ्यात परत येतात का? कोयना, उजनीसारख्या धरणात गाव गेलं असेल तर एका तारखेला सगळा वर्गच्या वर्ग ‘गाव उठले’ म्हणून कमी झालेला दिसेल, आणि त्या मुलांची पुढची नोंद पुनर्वसनाच्या गावात शोधावी लागेल.

एका ओळीची ताकद किती असते याचा सगळ्यात ठळक दाखला सातारचा. तिथल्या गव्हर्नमेंट हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टर क्रमांक १९१४. त्या नोंदीवरून २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. तुमच्या वहीत बाबासाहेब नसतील, पण तुमच्या गावातला दलित वस्तीतला पहिला मुलगा कोणत्या तारखेला दाखल झाला, ती ओळ असेल. ती शोधा.

सगळं वाचून झाल्यावर संगणकावर साधा तक्ता करा. नाव लिहायची गरज नाही. नंबर, साल, मुलगा-मुलगी, वाडी, दाखल इयत्ता, सोडलेली इयत्ता, कारण. दशकवार बेरजा मारल्या की प्रश्न आपोआप सुचतात.

स्थापनेचं साल: इथेच भांडणं होतात

कमानीवर एक साल, यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या) माहितीत दुसरं, गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तिसरं. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गावाने पंतोजी ठेवून ओसरीवर वर्ग सुरू केला ते एक साल, बोर्डाने मंजुरी देऊन पगारी मास्तर पाठवला ते दुसरं, आणि दगडी इमारत उठली ते तिसरं. तुम्ही तिन्ही छापा, आणि शताब्दी कशाची करताय ते आधी ठरवा.

तपासायच्या काही युक्त्या आहेत. हाताशी असलेल्या सगळ्यात जुन्या रजिस्टरची पहिली नोंद कितव्या नंबरची आहे? ती ४१२ असेल तर आधीचा खंड होता आणि हरवला आहे. दरवर्षी साधारण किती मुलं दाखल होत होती त्यावरून मागे मोजत गेलात तर शाळा किती जुनी असावी याचा अंदाज येतो, अंदाजच. पहिली नोंद १ नंबरची आहे पण पहिल्याच दिवशी तिसरी-चौथीत मुलं दाखल झालीत? मग त्यांना आधी कोणीतरी शिकवत होतं. आणि पहिल्या तारखेला एकदम चाळीस-पन्नास मुलं एका हाताने, एका शाईने लिहिलेली असतील तर बहुधा जुनी वही जळाल्यावर किंवा शाळा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्यावर नवी उतरवून काढली आहे.

आणखी एक. गावात शाळा एकच होती असं गृहीत धरू नका. मुलांची शाळा, कन्याशाळा, उर्दू शाळा आणि कित्येक ठिकाणी अस्पृश्य मुलांसाठी वेगळी शाळा, अशा तीन-चार शाळा पुढे एकत्र होऊन आजची एक झालेली असते. प्रत्येकीची रजिस्टरं वेगळी, सालं वेगळी. कन्याशाळेची वही मुख्य शाळेच्या कपाटात असेलच असं नाही. आजकाल कमी पटाच्या शाळांचं समायोजन होतं तेव्हाही हेच घडतं, शाळा बंद होते आणि तिचं दप्तर केंद्रशाळेत जाऊन पडतं. शेजारची एखादी वस्तीशाळा बंद पडली असेल तर तिच्या वह्या कुठे गेल्या ते आजच विचारून ठेवा.

गावाबाहेरचे कागद

जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर उघडा. खानदेश आणि रत्नागिरी-सावंतवाडी १८८०, नाशिक १८८३, सोलापूर आणि नगर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. इंग्रजीत आहेत, पण शासनाच्या दर्शनिका विभागाने आणि इतरांनी ती ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. प्रत्येकात शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि शेवटी गावांची वर्णनं. तुमचं गाव बाजारपेठेचं असेल तर ‘इथे शाळा आहे’ एवढी ओळ मिळण्याची चांगली शक्यता. वाडीसारखं लहान असेल तर तालुक्याचे आकडे घ्या आणि पुढे चला.

जनगणनेची जिल्हा पुस्तिका, विशेषतः १९६१ ची, गावागणिक शाळा आहे की नाही ते सांगते. जनगणनेच्या संकेतस्थळावर त्या आहेत.

पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, आणि शाखा पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे. जाण्याआधी काय बघायचंय ते नेमकं ठरवा: शिक्षणखात्याचे अमुक सालचे कागद, अमुक जिल्हा. ‘आमच्या गावाबद्दल काही आहे का’ असं विचारलंत तर दिवस फुकट जाईल. आधारकार्ड आणि शाळेचं पत्र बरोबर न्या.

जमीन. शाळेच्या जागेचा सातबारा आणि जुने फेरफार काढा; ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार थोड्या शुल्कात मिळतात. कोणी जागा दिली, कधी, बक्षीसपत्र झालं की नुसती तोंडी, हे फेरफाराच्या नोंदीत कळतं. आणि हो, इथे जरा जपून. जागा ‘दान दिली’ असं गावभर ऐकलेलं असतं आणि सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या नातवाचं नाव असतं. असं निघालं तर ते आधी मुख्याध्यापक आणि ग्रामसेवकांच्या कानावर घाला, पुस्तकात छापून वाद उकरू नका.

कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला हवं: तुमच्या शाळेचे अर्धे कागद मुंबईत आहेत. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळीत गावकऱ्यांची मंडळं होती, त्यांनी वर्गणी काढून खोल्या बांधल्या, कौलं पाठवली. मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या आणि पावतीपुस्तकं एखाद्या जुन्या चिटणिसाच्या माळ्यावर असतील. चाळी पाडून टॉवर होताहेत, तेव्हा हे काम सगळ्यात आधी करा.

शाळेने किंवा कार्यालयाने कागद दाखवायचं नाकारलंच तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, शुल्क १० रुपये. पण तो शेवटचा उपाय. गावातल्या शाळेत अर्ज टाकून माहिती मिळते, चहा मिळत नाही.

आता माणसांकडे

रजिस्टर वाचून झालं की कोणाला काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असतं. ‘आजी, शाळेच्या आठवणी सांगा’ म्हणालात तर ‘लई चांगली होती शाळा, मास्तर लई मारकुटे’ एवढ्यावर गाडी थांबेल. त्याऐवजी वस्तू विचारा, जागा विचारा. बसायला काय होतं, गोणपाट की घरून बस्कर? पाटी दगडी की पत्र्याची? शनिवारी शाळा सारवायला शेण कोण आणायचं? पाण्याचा माठ कुठे होता आणि त्यातून पाणी कोण घ्यायचं, कोणाला वरून ओतून दिलं जायचं? दुष्काळात सुकडी कोण शिजवायचं? मास्तर कोणाच्या वाड्यात राहायचे आणि जेवायचे कुठे?

माठाचा प्रश्न सगळ्यांना विचारा, पण एकेकट्याला, आणि पाटलांच्या वाड्यावर बसून दलित वस्तीतल्या आजोबांची मुलाखत घेऊ नका. त्यांच्या दारात जा. दोन्हीकडची उत्तरं जुळणार नाहीत. दोन्ही छापा.

शाळेत कधीच न गेलेल्या बायकांनाही विचारा. ‘भाऊ जात होता, मी धाकट्याला सांभाळायचे’ हे वाक्य तुम्हाला पुष्कळदा ऐकायला मिळेल, आणि रजिस्टरात त्याला रकानाच नाही.

रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा, नाव छापू का तेही विचारा. मुलाखत तासाभराची पुरे. सांगितलेलं साल लगेच खरं धरू नका. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत’ असं कोणी म्हणालं तर ते डिसेंबर १९६७, आणि रजिस्टरात ती इयत्ता जुळते का बघा. किल्लारीकडे हीच खूण ३० सप्टेंबर १९९३. असा ताळा जमला की त्या माणसाच्या बाकीच्या आठवणींवरही विश्वास ठेवायला हरकत नाही.

चौथी-पाचवीच्या मुलांना यात घ्या. परिसर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून प्रत्येकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पाच प्रश्न विचारून आणायचे. नातवाला आजोबा जे सांगतात ते आपल्याला सांगत नाहीत.

लिहिताना काय ठेवायचं, काय गाळायचं

कालक्रमाने लिहा, पण साल-साल करत नको. शाळा देवळात होती तो काळ, चावडीत किंवा धर्मशाळेत होती तो, स्वतःची इमारत झाली तो, आणि खोल्या रिकाम्या होऊ लागल्या तो. अशी जागेवरून प्रकरणं पाडली की गोष्ट आपोआप पुढे सरकते. मुख्याध्यापकांची यादी शेवटी परिशिष्टात.

जिवंत माणसांचे तपशील रजिस्टरातून उचलून छापायचे नाहीत. जात, नापास झाल्याचे शेरे, बापाच्या नावाच्या रिकाम्या जागा, ‘वर्तणूक असमाधानकारक’ हे सगळं आकड्यांत आणा, नावानिशी नाही. जुन्या नोंदींचंही तेच, नातवंडं गावातच असतात. नाव छापायचंच असेल तर घरच्यांची लेखी संमती घ्या. रजिस्टरच्या पानाचा फोटो छापताना बाकीच्या ओळी झाका. जातींची जुनी अपमानकारक नावं उद्धृत करणं टाळता येत नसेल तेव्हाच, अवतरणात.

प्रत्येक विधानापुढे ते कुठून आलं ते कंसात लिहा: ‘शेरेबुक, १९३४’, ‘मुलाखत, सुतारआळी’. छापताना हे कंस काढू नका, मुद्रक काढायला सांगेल. शुभेच्छांची पानं टाळता येणार नाहीत, तेव्हा ती सगळी मागे ढकला. देणगीदार कुरकुर करतील, त्यांना मलपृष्ठ द्या.

जिथे दोन मतं आहेत तिथे छापण्याआधी मसुद्याच्या चार झेरॉक्स काढून ग्रामपंचायतीत, शाळेत, वाचनालयात आणि समाजमंदिरात पंधरा दिवस ठेवा, बरोबर दोरीने बांधलेलं पेन. लोक समासात लिहितात. शिव्याही लिहितात, पण त्यातच एखादा म्हणतो, ‘हे मास्तर आमचे मामा, ते १९४२ साली नव्हे, ४४ साली आले, त्यांचं सेवापुस्तक आमच्याकडे आहे.’

छापून झाल्यावर एक प्रत शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक जिल्हा ग्रंथालयात आणि एक पुराभिलेखच्या जवळच्या शाखेत द्या, पोच घेऊन. पीडीएफ इंटरनेट अर्काइव्हवर टाका. रजिस्टरांच्या फोटोंची हार्ड डिस्क मात्र जाहीर कुठेही चढवू नका. ती मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्या, डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद करायला लावा आणि नोंदीचा क्रमांक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापा.